बेघरांसाठी घरे बांधणारा बेघर : संत गाडगेबाबा

डिसेंबरचा तिसरा आठवडा उजाडला की आपल्या धर्मग्रामांत नाताळच्या तयारीला वेग येतो. अंगणात गोठा उभा राहतो, गवत अंथरले जाते, मारिया व योसेफ यांच्या मूर्ती पेटीतून बाहेर निघतात. उतारशाळेत जागा न मिळालेल्या त्या कुटुंबाची आठवण आपण दरवर्षी मोठ्या प्रेमाने जागवतो. याच आठवड्यात, २० डिसेंबर रोजी, महाराष्ट्र आणखी एका बेघर माणसाचे स्मरण करतो. १९५६ साली या दिवशी अमरावतीकडे नेले जात असताना, वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी, वाटेतच संत गाडगेबाबांनी देह ठेवला. वय ऐंशी वर्षांचे. त्यांतली पन्नासहून अधिक वर्षे त्यांनी स्वतःचे म्हणावे असे छप्पर डोक्यावर न घेता काढली होती.

गाडगेबाबांचे नाव निघाले की आपल्या डोळ्यांसमोर खराटा येतो. २००० सालापासून राज्यात ग्रामस्वच्छता अभियान त्यांच्या नावाने सुरू झाले आणि शाळाशाळांतून त्यांची ओळख स्वच्छतेचे संत म्हणून पक्की झाली. ती ओळख खरी आहे, पण अपुरी आहे. सोलापूर जिल्ह्यातील वाचकांना तर त्यांची दुसरी ओळख अधिक जवळची वाटायला हवी. कारण त्यांच्या कामाची एक मोठी खूण आपल्याच जिल्ह्यात, पंढरपुरात उभी राहिली. ज्यांना कोणी दारात उभे करीत नव्हते त्यांच्यासाठी बाबांनी तेथे घर बांधले. या लेखात आम्ही त्यांच्या चरित्राकडे त्याच बाजूने पाहणार आहोत.

घर हातातून जाते कसे

गाडगेबाबांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव या खेड्यात, परीट समाजातील कुटुंबात झाला. वडील झिंगराजी दारूच्या आहारी गेले. व्यसनापायी घरची शेती, भांडीकुंडी गेली आणि अखेर वडीलही गेले. डेबूजी तेव्हा आठ वर्षांचे होते. आई सखूबाई पोराला घेऊन माहेरी, मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या गावी, आली. मामाच्या घरी डेबूजी गुरे राखू लागले, पुढे नांगर धरू लागले, आणि शेतीच्या कामात त्यांची बरोबरी करणारा गडी गावात नाही अशी त्यांची ख्याती झाली.

परंतु त्या घरालाही दृष्ट लागली. मामाने सावकाराकडून कर्ज घेतले होते. घरात कोणालाच वाचता येत नव्हते. किती फेडले, किती उरले, कागदावर काय लिहिले आहे, हे सावकार सांगेल तेच खरे. उत्तम पिकाची जमीन कर्जापोटी गेली आणि त्या धक्क्याने खचलेले मामा फार दिवस जगले नाहीत.

तेव्हा विशीही न ओलांडलेल्या या तरुणाने घर कसे जाते हे दोनदा पाहिले होते. एकदा दारूने, एकदा निरक्षरतेने आणि कर्जाने. पुढे आयुष्यभर त्यांनी कीर्तनांतून दारू सोडा, कर्ज काढून सण-लग्न साजरे करू नका, पोटाला चिमटा घ्या पण मुलांना शाळेत घाला, असा जो ध्यास घेतला, त्याचे मूळ येथे आहे. नीतीचे कोरडे धडे देण्यासाठी ते उभे राहत नसत. माणूस रस्त्यावर कोणत्या वाटेने येतो हे त्यांना ठाऊक होते, आणि ती वाट बंद करण्यासाठी ते बोलत होते. आजही रस्त्यावर राहणाऱ्या माणसाची आपुलकीने चौकशी केली तर व्यसन, कर्ज, आजार, मोडलेला संसार, बंद पडलेले काम यांपैकीच काहीतरी निघते. आळस हे कारण आपण लांबून ठरवतो. जवळ गेल्यावर ते क्वचितच टिकते.

आपण होऊन घर सोडले

१८९२ साली डेबूजींचा विवाह कुंताबाईंशी झाला. पहिल्या मुलीच्या बारशाला बिरादरीच्या रिवाजाप्रमाणे दारू-मटणाचे जेवण घालायचे सोडून त्यांनी गोडाचे जेवण घातले आणि जातभाईंची नाराजी ओढवून घेतली. संसार चालला होता, पण मन त्यात रमत नव्हते. १ फेब्रुवारी १९०५ रोजी पहाटे, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षात, ते घराबाहेर पडले ते पुन्हा संसारात परतले नाहीत.

त्यानंतरची सुमारे बारा वर्षे ते वणवण फिरले. अंगावर निरनिराळ्या रंगांच्या चिंध्या जोडून केलेले वस्त्र, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीचा तुकडा, हातात काठी आणि डोक्यावर मातीचे फुटके गाडगे. तेच त्यांचे ताट, तीच वाटी, उन्हापावसात तेच शिरस्त्राण. लोक त्यांना कोठे गोधडेबुवा म्हणत, कोठे चिंधेबुवा, कोठे लोटके महाराज. शेवटी गाडगेबाबा हेच नाव राहिले. म्हणजे ज्या भांड्यात ते भाकरी मागून घेत, त्या भांड्याने त्यांना नाव दिले.

या फिरस्तीत समाजाने त्यांना कसे वागवले, हे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवून ठेवले आहे. चिंध्यांतला माणूस गावात शिरला की तो चोर असणार, वेडा असणार किंवा भिकारी असणार, असे आधीच ठरलेले असे. पोरे मागे लागत, कुत्री भुंकत, ओटीवर बसलेली माणसे पुढचे दार दाखवीत. बाबा उलट उत्तर देत नसत. समोर घाण दिसली की खराटा घेऊन झाडू लागत; कोठे लाकडे फोडून देत, कोठे मळणीला हात लावत. काम झाल्यावर भाकरी मिळाली तर घ्यावी, गाडग्यात कालवून खावी आणि पुढे चालू लागावे. केलेल्या कामावाचून त्यांना घास गोड लागत नसे. ज्या गावाने सकाळी हाकलले त्याच गावाने संध्याकाळी त्यांचे कीर्तन ऐकावे आणि मान खाली घालावी, असे अनेकदा घडले.

चिंध्या हा बाबांचा वेष नुसता वैराग्याचा नव्हता, असे आम्हांला वाटते. तो गावाची परीक्षा घेणारा वेष होता. चांगले धोतर नेसून गेले असते तर त्यांना ओसरीवर पाट मिळाला असता आणि गावाचे खरे मन कधीच कळले नसते. फाटक्या माणसाशी लोक कसे वागतात हे पाहायचे तर फाटके होऊनच गेले पाहिजे. माणूस तोच, बुद्धी तीच, वाणी तीच. फरक फक्त कापडाचा. तरीही सकाळचा तिरस्कार आणि रात्रीचा आदर यांत जमीन-अस्मानाचे अंतर पडे. हे अंतर कशाने पडते, याचा विचार त्या गावांनी करायचा होता. तो आपल्याही वाट्याला आलेला आहे.

मागे राहिलेल्यांचे दुःख

संतचरित्र लिहिताना एक बाजू झाकून ठेवण्याचा मोह होतो. बाबांनी घर सोडले तेव्हा मागे वृद्ध आई होती, पत्नी होती, लहान मुले होती. त्यांनी बेघरपणा निवडला. कुंताबाईंना निवड करण्याची संधी कोणी दिली नव्हती. त्यांनी पुढची सारी वर्षे गरिबीत आणि कष्टात काढली. पतीच्या नावावर हजारो रुपयांच्या देणग्या येत असतानाही त्यांना त्यातला पैसा मिळाला नाही. समाजाने दिलेला पैसा समाजाचा, त्यावर आपल्या माणसांचा हक्क नाही, या बाबतीत बाबा इतके कठोर होते की घरच्यांना त्या कठोरपणाचे चटके बसले.

१९२३ साली त्यांचा मुलगा गोविंदा कुत्र्याच्या दंशाने मरण पावला. बाबा तेव्हा कोकणात खारेपाटण येथे कीर्तनात होते. बातमी कळल्यावरही त्यांनी कीर्तन थांबवले नाही. या प्रसंगाचे वर्णन बहुतेक जण त्यांच्या निर्मोहीपणाचे उदाहरण म्हणून करतात. आम्ही ते नाकारत नाही; परंतु त्याच वेळी दूर वऱ्हाडात एक आई मुलाच्या शवापाशी एकटी बसली होती, हेही विसरता येत नाही. स्वेच्छेने स्वीकारलेले दारिद्र्य आणि लादले गेलेले दारिद्र्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्याला आपण व्रत म्हणतो; दुसऱ्याला व्रत म्हणणे हा गरिबाचा अपमान आहे. बाबांच्या मोठेपणाचा एक भाग असा की त्यांनी या दोहोंची गल्लत कधी केली नाही. स्वतः उघड्यावर झोपणाऱ्या या माणसाने इतरांना उघड्यावर झोपण्याचा उपदेश केला नाही. त्यांनी इतरांसाठी भिंती बांधल्या, छप्परे घातली.

ऋणमोचन ते पंढरपूर

या बांधकामांची सुरुवात अमरावती जिल्ह्यात पूर्णा नदीकाठच्या ऋणमोचन येथे झाली. तेथे पौष महिन्यात यात्रा भरते. नदीकाठच्या चिखलात म्हातारी माणसे, बायाबापड्या घसरून पडत. बाबा आधी एकटेच माती ओढून वाट करू लागले; मग लोक जमले आणि घाट उभा राहिला. यात्रेला येणाऱ्या अंध, अपंग, महारोगी यांना ते पंक्तीने जेवू घालू लागले. भीक फेकली जाते, पंक्तीत मात्र वाढले जाते. हा फरक बाबांनी कटाक्षाने पाळला.

यात्रांच्या गावी त्यांना दुसरी एक गोष्ट दिसली. देवाच्या दारी येणारा गरीब वारकरी रात्री कोठे टेकतो, याची काळजी कोणालाच नव्हती. पंढरपुरात ही गोष्ट सर्वांत ठळक होती. आषाढी-कार्तिकीला लाखो पावले चंद्रभागेकडे वळतात. ज्यांची ऐपत होती, ज्यांची जात वरची होती, त्यांना बडव्यांच्या वाड्यांत, मठांत जागा मिळे. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांतील वारकऱ्याला देवळात प्रवेश नव्हता आणि गावात आसराही नव्हता. भर पावसात वाळवंट हेच त्याचे अंथरूण.

अशा लोकांसाठी गाडगेबाबांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या अखेरीस पंढरपुरात धर्मशाळा उभारली आणि तिला संत चोखामेळ्याचे नाव दिले. हे नाव फार विचारपूर्वक निवडलेले होते. चोखोबा आपल्याच जिल्ह्यातील मंगळवेढ्याचे. चौदाव्या शतकातील हा थोर संतकवी जन्मभर विठ्ठलाच्या देवळाबाहेर उभा राहिला. मंगळवेढ्यात गावकुसाचे काम करीत असताना भिंत कोसळून १३३८ साली त्यांचा अंत झाला, असे परंपरा सांगते. त्यांची समाधीही मंदिराच्या पायरीपाशी, म्हणजे दाराबाहेरच आहे. ज्याला आत घेतले नाही त्याच्याच नावाने बाबांनी घर बांधले, आणि ज्यांना कोणी आत घेत नव्हते त्यांच्यासाठी त्याचे दार उघडले.

पंढरपुरात बाबांच्या प्रयत्नाने मराठा धर्मशाळाही झाली. जातीच्या नावाने धर्मशाळा बांधून बाबांनी जातीचे कुंपण पक्के केले नाही काय, असा प्रश्न एखादा वाचक विचारील. प्रश्न रास्त आहे. बाबांची कीर्तने जातिभेदावर आसूड ओढीत, यात शंका नाही. शिवाशिव मानणाऱ्याच्या घरी ते पाणीही घेत नसत. परंतु समाजाचे मन बदलायला पिढ्या लागतात आणि पाऊस तर आजच रात्री पडणार असतो. मन बदलेपर्यंत माणसाला भिजत ठेवायचे की आजचे छप्पर आज घालायचे, या पेचात बाबांनी दोन्ही कामे एकदम केली. दिवसा बांधकाम, रात्री कीर्तन. विठ्ठल मंदिर अस्पृश्य मानलेल्यांसाठी खुले झाले ते १९४७ च्या मे महिन्यात, सानेगुरुजींच्या उपोषणानंतर. तोवरची सुमारे तीन दशके चोखामेळा धर्मशाळेने कितीतरी रात्री कितीतरी माणसांना कोरडे ठेवले होते.

१९४९ साली बाबांनी ही धर्मशाळा विद्यार्थ्यांच्या वसतिगृहासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. यात्रेपुरता आसरा देणारे घर शिकणाऱ्या मुलांचे बारमाही घर व्हावे, ही त्यांची दृष्टी. निरक्षरतेमुळे मामाची जमीन गेलेली त्यांनी पाहिली होती. त्या जखमेवरचे औषध आता ते स्वतःच्या हाताने देत होते.

धर्मशाळा आणि तारेचे कुंपण

पंढरपुरात ही धर्मशाळा लोक वापरत होते त्याच वर्षांत, तेथून सुमारे सत्तर किलोमीटरवर असलेल्या सोलापूर शहरात, बिनघराच्या माणसांसाठी सरकारने दुसरीच व्यवस्था केली होती. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक भटक्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले होते. या कायद्याची अंमलबजावणी मुंबई इलाख्यात पुढे अधिक कडक झाली, आणि कैकाडी, पारधी, टकारी, कंजारभाट अशा जमातींच्या कुटुंबांना सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड ठेवण्यात आले. हजेरी द्यायची, परवानगीवाचून बाहेर जायचे नाही, गिरण्यांत काम करायचे. डोक्यावर छप्पर होते. पण दाराची कडी बाहेरून होती. कायदा रद्द होऊन ही माणसे ३१ ऑगस्ट १९५२ रोजी मुक्त झाली. स्वातंत्र्य आले तरी त्यांना पाच वर्षे थांबावे लागले. सोलापुरात सेटलमेंट हे नाव आजही वस्तीला चिकटून आहे.

एकाच जिल्ह्यात, एकाच काळात, बेघर माणसाकडे पाहण्याच्या या दोन रीती होत्या. एक रीत सांगत होती की घर नसलेला माणूस धोकादायक आहे, त्याला कोंडा. दुसरी सांगत होती की घर नसलेला माणूस थकलेला आहे, त्याला विसावा द्या. आपला समाज आजतागायत या दोन रीतींमध्ये हेलकावे खातो आहे. मुंबई राज्यात १९५९ साली भीकप्रतिबंधक कायदा झाला. उपजीविकेचे उघड साधन नसताना सार्वजनिक जागी भटकणारा माणूसही त्या कायद्याच्या व्याख्येत भिकारी ठरतो. त्याला पकडून संस्थेत डांबता येते. ही व्याख्या वाचताना आमच्या डोळ्यांसमोर डोक्यावर गाडगे घेतलेली ती मूर्ती उभी राहिली. कायदा बाबांच्या निधनानंतर तीन वर्षांनी झाला. आधी झाला असता तर ज्याची तसबीर पुढे कचेऱ्यांच्या भिंतींवर लागली, तोच माणूस त्या कायद्याखाली पकडण्याजोगा ठरला असता. दिल्लीच्या उच्च न्यायालयाने २०१८ साली या कायद्यातील भीक मागणे हा गुन्हा ठरवणारी कलमे दिल्लीपुरती रद्द केली.

रुग्णालयाच्या दारातले बेघर

बाबांनी पंढरपूरखेरीज नाशिक, आळंदी, देहू अशा ठिकाणी धर्मशाळा बांधल्या. या सर्व कामांची व्यवस्था पाहण्यासाठी १९५२ साली श्री गाडगेबाबा मिशनची स्थापना झाली. विश्वस्त नेमले गेले, हिशेब ठेवले गेले, आणि कोणत्याही वास्तूवर स्वतःच्या कुटुंबाचा हक्क राहणार नाही याची बाबांनी काळजी घेतली. विशेष म्हणजे, आपण बांधलेल्या धर्मशाळेत मुक्काम करण्याचे ते टाळत. आसपास एखाद्या झाडाखाली, एखाद्या साध्या झोपडीत त्यांची रात्र जाई.

उतारवयात त्यांची नजर तीर्थक्षेत्रांवरून रुग्णालयाकडे वळली. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात खेड्यापाड्यांतून रोगी येत. रोग्याला आत खाट मिळे. सोबत आलेली आई, बायको, भाऊ मात्र फुटपाथवर झोपत, तेथेच चूल मांडत. आजारपणाने घरदार असलेली माणसेही शहरात येऊन बेघर होतात, हे बाबांनी हेरले आणि १९५४ साली जे. जे. रुग्णालयाजवळ अशा नातेवाइकांसाठी धर्मशाळा उभी राहिली. त्यांच्या पश्चात दादर येथे त्यांच्या नावाने झालेल्या धर्मशाळेत कर्करोगाच्या उपचारांसाठी येणारे रुग्ण व त्यांचे सोबती राहतात. सोलापूर जिल्ह्यातूनही अशी कितीतरी कुटुंबे उपचारांसाठी मुंबईची गाडी धरतात. आपल्या वाचकांपैकी कोणाच्या घरावर हा प्रसंग आला असेल तर मुंबईत रात्रीपुरती मिळालेली स्वच्छ चटई म्हणजे काय, हे त्यांना वेगळे सांगायला नको.

बाबांचा उपदेश पुढे दहा सूत्रांत मांडला गेला. भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र, बेघराला आसरा, रोग्याला औषध अशी ही सूत्रे आहेत. मत्तयच्या शुभवर्तमानातील अंतिम न्यायाचे वर्णन ऐकत आलेल्या आपल्या लोकांना ही यादी ओळखीची वाटेल. ज्याने ती आपल्या जगण्यातून शिकवली त्याला वाचता येत नव्हते. आपल्याला मात्र येते, आणि आपण ती दरवर्षी चर्चमध्ये ऐकतोही.

मेलेल्याचा मान, जिवंताचा अव्हेर

८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्रे येथे पोलिसांच्या वसाहतीत बाबांचे अखेरचे कीर्तन झाले. ते ध्वनिमुद्रित झाले असल्याने तो आवाज आजही ऐकता येतो. ६ डिसेंबरला डॉ. आंबेडकरांचे महापरिनिर्वाण झाले. त्या बातमीने बाबा फार व्यथित झाले होते. त्यानंतर चौदा दिवसांनी तेही गेले. आपले स्मारक करू नये, पुतळा उभारू नये, अशी त्यांची इच्छा होती. ती आपण मानली नाही. अमरावतीत समाधी झाली, १९९८ साली त्यांच्या चित्राचे टपाल तिकीट निघाले, २००५ साली अमरावती विद्यापीठाला त्यांचे नाव मिळाले. कृतज्ञता म्हणून हे योग्यच. तथापि चिंध्यांतल्या संताला हार घालून घरी परतणारा माणूस वाटेतल्या चिंध्यांतल्या माणसाला वळसा घालून जातो, हेही आपण पाहतो.

हे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. संत बेनेडिक्ट जोसेफ लाब्र हे १७४८ साली फ्रान्समध्ये जन्मले. मठांनी प्रवेश नाकारल्यावर ते युरोपातील तीर्थक्षेत्रे पायी फिरले आणि शेवटी रोममध्ये, कोलोसियमच्या भग्न कमानींत भिकाऱ्याप्रमाणे राहिले. १६ एप्रिल १७८३ रोजी ते वारले तेव्हा त्यांच्या दर्शनासाठी रोमची गर्दी लोटली. आदल्या आठवड्यात त्यांतले किती जण त्यांच्या शेजारून नाक मुरडून गेले असतील? १८८१ साली त्यांना संतपद मिळाले आणि आज ते बेघरांचे आश्रयदाते मानले जातात. बेघर माणूस मेल्यावर त्याला संत म्हणणे सोपे असते. तो आपल्याकडे जागा मागायला येणार नसतो.

२०११ च्या जनगणनेत देशात सुमारे १७ लाख ७३ हजार माणसे घराविना असल्याची नोंद झाली. त्यांतली दोन लाखांहून अधिक महाराष्ट्रात होती. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली दिलेल्या निर्देशांनुसार शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे एक बारमाही निवारा असायला हवा. त्याच जनगणनेत सोलापूर शहराची लोकसंख्या साडेनऊ लाखांवर होती. म्हणजे या हिशेबाने सोलापुरात निदान नऊ निवारे हवेत. शहरातील निवारा कोठे आहे आणि तेथे नेमके कोणाला राहता येते, हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल?

निराश होण्याचे कारण मात्र नाही. सोलापूरजवळच्या कुंभारी येथे विडी कामगार महिलांच्या संघटित लढ्यातून २००६ साली दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. तेथेच असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांचा रे नगर प्रकल्प हाती घेतला गेला आणि १९ जानेवारी २०२४ रोजी त्यांतल्या पंधरा हजार घरांच्या किल्ल्या कुटुंबांना मिळाल्या. तंबाखूच्या धुळीत विड्या वळणाऱ्या हातांना स्वतःच्या दाराची किल्ली मिळाली. कडी आतून असलेले हे घर. बाबांना ते पाहून समाधान वाटले असते.

परंतु ज्यांच्यापाशी संघटना नाही, रेशनकार्ड नाही, नाव विचारणारे कोणी नाही, अशी माणसे स्टेशनच्या आसपास, एस. टी. स्टँडवर, बंद दुकानांच्या फळ्यांखाली आजही रात्र काढतात. त्यांच्यासाठी एकट्याने धर्मशाळा बांधणे आपल्यापैकी कोणाला जमणार नाही. गाडगेबाबांनीही ती एकट्याने बांधली नव्हती. त्यांनी गावोगावी माणसे जोडली. धर्मग्रामातील दोन-तीन कुटुंबांनी मिळून अशा एका माणसाचे नाव विचारावे, त्याची कागदपत्रे करून द्यावीत, आजारी असल्यास रुग्णालयापर्यंत सोबत करावी, निवाऱ्याची माहिती काढून तेथे पोहोचवावे. घोंगडी देणे चांगलेच. ती देताना बोलणे अधिक चांगले. बाबांची पंक्त आणि फेकलेली भीक यांतला फरक एवढाच होता की पंक्तीत वाढणारा खाली वाकत असे.

नाताळच्या रात्री मिस्सा आटोपल्यावर आपण शाली लपेटून घरी निघू. सोलापुरातही त्या दिवसांत पहाटेचा गारठा चांगलाच झोंबतो. वाटेत कोणी पोते पांघरून झोपलेला दिसला, तर त्याला जागा देण्याचा प्रश्न आता बेथलेहेमच्या उतारशाळेचा राहिलेला नसेल.